धातुशोधकाचे नवे यंत्र आणि निखात निधीचा जुना कायदा

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात रात्रीच्या वेळी शेकडो माणसे शेते उकरीत असल्याचे वृत्त देशभर झळकले. 'छावा' हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या संपत्तीचे आगर होते, हे त्यातून लोकांच्या मनावर नव्याने ठसले आणि शेतात सोन्याची नाणी सापडत असल्याची आवई उठली. लोक विजेऱ्या, चाळण्या, कुदळी घेऊन आले. काहींच्या हाती धातुशोधक यंत्रेही होती. १६८१ च्या प्रारंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपुरावर छापा घालून मोठी लूट नेली, हे इतिहासाला धरून आहे. त्या पेठेच्या आसपासच्या मातीत जुनी नाणी असणे अशक्यही नाही. परंतु वृत्त वाचून लोकांच्या भाबडेपणाला हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. रात्री उकरणाऱ्या या माणसांपैकी कोणाला खरोखरीच शंभर मोहरांचा हंडा सापडला असता, तर तो सरकारजमा करण्यात त्याचा काय लाभ होता? या प्रश्नाचे उत्तर १८७८ च्या एका कायद्यात आहे आणि ते फारसे समाधानकारक नाही.

आपल्याकडे गुप्तधन शोधण्याचे शास्त्र पूर्वापार पायाळू माणसाच्या स्वाधीन होते. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला भुईतले धन दिसते, अशी समजूत होती. या समजुतीपायी किती अघोरी प्रकार घडले हे सांगणे नको. मौल्यवान वस्तूंच्या शोधार्थ केल्या जाणाऱ्या अशा कृत्यांचा महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत वेगळा उल्लेख करावा लागला. आता पायाळूची जागा घरपोच येणाऱ्या यंत्राने घेतली आहे. मांत्रिकापेक्षा यंत्र बरे, यात शंका नाही. मात्र मांत्रिकाला धन सापडत नसे आणि यंत्राला ते सापडते, हा फरक लहान नाही. म्हणून या यंत्राचे जुने रूप कोणते, नवे कोणते आणि त्या बदलाने जमिनीखालच्या ठेवीचे काय होते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

यंत्राचे मूळ तत्त्व साधे आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे त्याच्या भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगी सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षुल्लक क्षेत्र तयार होते. ते ओळखायचे, एवढेच यंत्राचे काम. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याने शरीरातील गोळी हुडकण्यासाठी असे यंत्र तातडीने जुळविले. रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी त्याचा घोटाळा केला असे सांगतात. नको असलेल्या धातूने हव्या असलेल्या धातूचा आवाज बुडवावा, ही या यंत्राची जन्मजात व्याधी आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेर्हार्ड फिशर याने हातात धरून चालविण्याजोग्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तयार केलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याच्या कामी आले. युद्ध संपले आणि हे तंत्र हौशी लोकांच्या हाती गेले.

हौशी लोकांची पहिली यंत्रे अगदी प्राथमिक होती. दोन आंदोलक एकमेकांशी जुळवून ठेवायचे. धातूजवळ वेटोळे गेले की एकाची गती किंचित बदलायची आणि कानातील गुणगुण चढायची किंवा उतरायची. लोखंड कोणते, चांदी कोणती, हे सांगण्याची सोय बेताचीच. १९७० नंतर पाठविणारे आणि ग्रहण करणारे अशी दोन वेगळी वेटोळी असलेली, कमी वारंवारतेवर चालणारी यंत्रे आली. परतलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला यावरून धातूची जात ताडता येऊ लागली. त्यासाठी यंत्रावर एक खुंटी असे. ती फिरवली की लोखंडी खिळे गप्प बसत, आणखी फिरवली की चांदीचा कागद, आणखी पुढे शीतपेयाच्या डब्याची कडी. पण सोन्याची लहान अंगठी आणि ॲल्युमिनियमची ती कडी यांचा विद्युत्गुण जवळजवळ सारखा आहे. कडीचा त्रास चुकविणारा अंगठीलाही मुकत असे. कोठे थांबायचे हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. वर्षानुवर्षे शेते तुडवून, शेकडो खिळे उकरून, कान तयार करावा लागे. जुन्या यंत्राचा वापर हा कारागिरीचा भाग होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

१९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून यात सूक्ष्मप्रक्रियक शिरला. परतलेल्या संकेताचे अंकांत रूपांतर करायचे, त्यावर गणित करायचे आणि निकाल पडद्यावर आकड्याच्या रूपात दाखवायचा, अशी ही रचना. जमिनीतील लोहखनिजाचा जो सततचा गोंगाट असतो तो जुन्या यंत्रात हाताने जुळवून घ्यावा लागे. नवे यंत्र तो आपण होऊन वजा करते. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करणारी यंत्रे पूर्वीपासून होती, परंतु ती महाग असत. २०१२ च्या सुमारास अशा वरच्या दर्जाच्या यंत्राला अडीच हजार डॉलरच्या घरात किंमत मोजावी लागे. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या 'इक्विनॉक्स'सारख्या यंत्रांनी तीच जातकुळी निम्म्याहून कमी किमतीत आणली. ज्या कौशल्याला पूर्वी दहा वर्षे लागत, त्याचा बराचसा भाग आता कारखान्यातच यंत्रात भरून मिळतो. विकत घेणाऱ्याने कळ दाबायची आणि चालू लागायचे.

या तुलनेत जाहिरातदार सर्वांत मोठ्याने जे सांगतात तेच सर्वांत कमी खरे आहे. नवे यंत्र फार खोलवरचे दाखवते, असा समज आहे. वस्तूपर्यंत जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परत येतानाही तसेच. परिणामी अंतर दुप्पट झाले की परतलेला संकेत चौसष्टांश उरतो. ही निसर्गाची मर्यादा आहे. अंकगणिताने तीत थोडीफार सवलत मिळते, सुटका होत नाही. एखादे सुटे नाणे वीतभर खोलीवर असले तर ते जुन्या चांगल्या यंत्राला लागत होते आणि हातभर खोल गेलेले नव्यालाही सहसा लागत नाही. नव्याची खरी कमाई दुसरीकडे आहे. गंजक्या खिळ्यांच्या गर्दीत दोन बोटांवर पडलेले चांदीचे नाणे जुन्या यंत्राच्या कानावर येत नसे. बेलच्या बिछान्याचीच ती गोष्ट. नवे यंत्र एका संकेतातून सावरून दुसऱ्याकडे अतिशय झपाट्याने वळते आणि असे झाकलेले नाणे वेगळे काढते. म्हणूनच इंग्लंडमध्ये 'संपलेली' म्हणून सोडून दिलेली शेते पुन्हा बोलू लागली, असा तेथील हौशी मंडळींचा अनुभव आहे.

जुन्याचे गुण नाहीत असे नव्हे. जुन्या यंत्रात संकेत आणि आवाज यांच्यामध्ये गणिताचा दलाल नसतो. क्षीण, संशयास्पद आवाजही जसाच्या तसा कानावर येतो आणि निर्णय माणसाचा राहतो. नव्या यंत्राच्या पडद्यावरील आकडा हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. पातळ चांदीचे नाणे आडवे की उभे पडले आहे, माती ओली की कोरडी, यावर तो आकडा हलतो, आणि आकड्यावर विसंबणारा नवखा पुष्कळ गोष्टी मागे टाकून जातो. शिवाय जुने यंत्र गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारासुद्धा उघडू शकत असे. नव्याचे सर्व काही एका चकतीवर बंदिस्त, बॅटरीदेखील आत मिटलेली. अर्थात जुन्याच्या टिकाऊपणाचेही फार कौतुक करू नये. अमेरिकेतील टेसोरो ही ॲनॉलॉग यंत्रे बनविणारी कंपनी मूळ खरेदीदाराला आजीवन हमी देत असे. २०१८ मध्ये कंपनीच बंद झाली. हमी कोणाच्या आयुष्यापुरती होती, हे ग्राहकांना तेव्हा समजले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. जमिनीतील प्राचीन वस्तूंचा साठा वाढत नाही. कोळशाप्रमाणे तो एकदाच काढता येतो. १८६५ मध्ये जेव्हन्सने इंग्लंडच्या कोळशाविषयी लिहिताना दाखवून दिले की, यंत्रे अधिक कार्यक्षम झाली म्हणजे कोळसा वाचत नाही, उलट तो अधिक वेगाने संपतो, कारण त्याचा वापर अधिक लोकांना परवडू लागतो. धातुशोधकाचे तसेच आहे. शोधाचा खर्च उतरला की शोधणारे वाढतात. ज्या वस्तूवर कोणाची प्रत्यक्ष राखण नाही अशा वस्तूच्या बाबतीत प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी पोहोचण्याची घाई होते. जुन्या यंत्राचे दोष ही या अर्थाने पुढील पिढ्यांसाठी कोणी न ठरविता ठेवलेली ठेव होती. पुरातत्त्वज्ञ एखाद्या स्थळाचे उत्खनन करताना काही भाग मुद्दाम तसाच राखतात, उद्याची साधने आजच्याहून चांगली असतील या भरवशावर. हे काम शेताशेतातून जुन्या यंत्राच्या बहिरेपणाने आपोआप केले होते. नवे यंत्र ती ठेव मोडते आहे.

तथापि यंत्राने काय घडते हे एकट्या यंत्रावर ठरत नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ब्रिटनमध्ये मिळतो.

ब्रिटनमध्ये मध्ययुगापासून चालत आलेला राजहक्क असा होता की, सोन्याचांदीचा साठा परत नेण्याच्या हेतूने पुरला असेल तर तो राजाचा. पुरणाऱ्याचा हेतू काय होता हे शेकडो वर्षांनंतर पंचांनी ठरवायचे! १९३९ मध्ये सटन हू येथील नौकादफनात अपूर्व संपत्ती सापडली, पण ती मृताबरोबर कायमची पुरलेली, परत नेण्याच्या हेतूने नव्हे, म्हणून ती राजाची ठरली नाही, जमीनमालकिणीची ठरली. त्या बाईंनी ती राष्ट्राला देऊन टाकली म्हणून निभावले. १९७० नंतर यंत्रे हौशी हातांत गेल्यावर हा कायदा अगदीच तोकडा पडला. १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून यंत्र वापरण्यास बंदी घातली, परंतु बंदीचा वचक रात्री राहत नाही. सरे परगण्यातील वॉनबरो येथील प्राचीन मंदिराची जागा १९८३ ते १९८५ या काळात यंत्रधारी चोरांनी अक्षरशः चाळून काढली आणि हजारो नाणी बाजारात गेली. ती यंत्रे जुनीच होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याउलट १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफोकमधील हॉक्सन येथे काय झाले ते पाहावे. एका कूळ-शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून देण्यासाठी त्याचा निवृत्त मित्र आपले यंत्र घेऊन गेला आणि त्याला रोमन काळाच्या अखेरचा प्रचंड निधी लागला. त्यात सुमारे पंधरा हजार नाणी होती, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी. त्याने थोडे उकरले आणि थांबला. अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी सारा निधी जसा पेटीत रचला होता तसा नोंद करून काढला. त्याला साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वॉनबरो आणि हॉक्सन यांच्यातील फरक यंत्रातील नव्हता. एकीकडे सांगण्यात तोटा होता, दुसरीकडे सांगण्यात लाभ.

हा धडा घेऊन तेथील संसदेने १९९६ चा निधी कायदा केला आणि १९९७ पासून तो अमलात आला. पुरण्याचा हेतू शोधण्याची अट गेली. सापडल्याची खबर चौदा दिवसांत द्यायची. स्वतंत्र समितीने बाजारभावाने किंमत ठरवायची, संग्रहालयाला हवे असल्यास त्याने ती मोजायची आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटायची. याच्या जोडीला एक फार मोलाची व्यवस्था आली. 'निधी'च्या व्याख्येत न बसणाऱ्या साध्यासुध्या वस्तूसुद्धा नोंदवून घेण्यासाठी परगण्या-परगण्यात अधिकारी नेमले. त्यांनी वस्तू पाहायची, तिचे चित्र व जागा नोंदवायची आणि वस्तू परत करायची. परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा झाला. जुन्या हक्काखाली वर्षाला सरासरी पंचवीसेक निधी जाहीर होत, ती संख्या आता हजाराच्या वर गेली आहे, आणि त्या नोंदवहीत दहा लाखांहून अधिक वस्तू चढल्या आहेत. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये सापडलेला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा निधी, ज्याची किंमत तेहतीस लाख पौंडांच्या आसपास ठरली, तो शोधणाऱ्या गृहस्थाचे यंत्र चौदा वर्षांचे जुने होते. तेव्हा नव्या यंत्रानेच भाग्य उघडते असे समजण्याचे कारण नाही. एकाचे नशीब म्हणजे सर्वसाधारण नियम नव्हे, हेही खरे.

ब्रिटिश व्यवस्था निर्दोष आहे असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. बाजारभावाने बक्षीस दिले की खबर देणारे वाढतात, तसे उकरणारेही वाढतात. एकच किंमत दोन कामे करते आणि त्यांतले एक आपल्याला नको असते. कायद्याच्या व्याख्येत फटीही राहिल्या. २०१० मध्ये कंब्रियातील क्रॉस्बी गॅरेट येथे सापडलेले रोमन शिरस्त्राण काशाचे आणि एकटे म्हणून 'निधी' ठरले नाही. लिलावात ते तेवीस लाख पौंडांच्या आसपास खाजगी हाती गेले आणि जवळच्या कार्लाईलचे संग्रहालय हात चोळीत बसले. ती फट बुजवायला २०२३ उजाडले. लोभ तर कोणत्याच व्यवस्थेने संपत नाही. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघा शोधकांना व्हायकिंग काळातील निधी सापडला. कायद्याप्रमाणे वागले असते तर ते उजळ माथ्याने श्रीमंत झाले असते. त्यांनी तो लपवून विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तिसाच्या आसपासच हाती लागली. २०१९ मध्ये दोघांना कैदेच्या शिक्षा झाल्या. इंग्लंडच्या एकीकरणाच्या काळातील दोन राजांच्या संबंधांवर नवा प्रकाश टाकणारी ती नाणी होती. उरलेल्यांवर काय कोरले होते ते बहुधा कधीच कळणार नाही.

इतर देशांनी कडक वाट धरली. १९८० मध्ये डेरिनाफ्लान येथील चर्चच्या चांदीच्या पात्रांचा निधी यंत्राने काढला गेल्यानंतर आयर्लंडमध्ये मोठा वाद झाला. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निधी राज्याचा ठरविला आणि त्याच वर्षी परवान्याशिवाय प्राचीन वस्तूंसाठी यंत्र चालविणे गुन्हा झाला. फ्रान्सनेही १९८९ मध्ये पूर्वपरवानगीची अट घातली. जेथे राज्ययंत्रणाच नाही तेथील स्थिती आणखी निराळी. २०११ मध्ये दक्षिण भाग फुटून निघाल्यावर सुदानच्या तेलाच्या उत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गेला. त्याच सुमारास तेथे धातुशोधक घेऊन वाळवंटात सोने शोधणाऱ्यांची रीघ लागली. तेथे हे यंत्र छंदाचे साधन नसून उत्पादनाचे भांडवल आहे. दार्फुरमधील जबल आमिरच्या सोन्यावरून २०१३ पासून रक्त सांडले आणि एप्रिल २०२३ पासून चाललेल्या यादवीत सोन्याचे उत्पन्न दोन्ही पक्षांच्या कामी आले.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम बेलच्या यंत्राच्याही तीन वर्षे आधीचा आहे. मूळ कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी खबर द्यावी लागते. खबर न देणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोणी वारस पुढे आला नाही आणि जमीनमालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. येथपर्यंत हा कायदा त्या काळच्या मानाने उदारच म्हटला पाहिजे. त्यात शोधणाऱ्याला मिळणारा वाटा ब्रिटिश वाट्याहून मोठा आहे. पण सरकारला निधी हवा असेल तर त्याने काय द्यायचे? वस्तूतील द्रव्याची किंमत, अधिक तिचा एकपंचमांश. चांदीच्या नाण्याला चांदीचा भाव आणि वर वीस टक्के. सातवाहन राजाचे नाणे असो की कालचा पैंजण, हिशेब एकच. जाणकार संग्राहक त्याच नाण्याला चांदीच्या कितीतरी पट रक्कम देतो. ज्याच्याकडे असा ग्राहक नाही त्याला सोनाराची मूस जवळ. कलेक्टर कचेरीचे हेलपाटे आणि पोलिसांचा ससेमिरा यांचा हिशेब धरला तर गप्प बसणे हेच शेतकऱ्याला किफायतशीर ठरते. याला त्याची अप्रामाणिकता म्हणणे सोपे आहे. कायद्याने ठरविलेली किंमत चुकीची आहे, हे म्हणणे अधिक बरोबर.

यात गमावले काय जाते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला हे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरून कळते. पराभूत राजाचे चलन बाद न करता, त्यावर आपली मुद्रा ठोकून ते चालू ठेवले, आणि निधी पुरला गेला तेव्हा हे काम सुमारे दोन तृतीयांश झाले होते, हे चलनविषयक सत्य मात्र या निधीतून कळते, आणि तेसुद्धा तो बहुतांशी एकत्र हाती आला म्हणून. तीच नाणी तेरा हजार खिशांत गेली असती तर संग्राहकाच्या अल्बमात एक एक सुंदर नाणे असते आणि प्रमाण कोणालाच सांगता आले नसते. दामोदर कोसंबी यांनी तक्षशिलेच्या निधींतील आहत नाणी एक एक करून तोलली आणि हाताळणीने झालेल्या झिजेचा त्यांच्यावरील छापांशी संबंध लावून दाखविला. पैशाच्या भ्रमणवेगाविषयी आम्ही वर्गात जे सूत्र शिकवितो त्याचा इतका जुना प्रत्यक्ष पुरावा विरळा. त्यासाठी त्यांना निधी निधी म्हणून हवा होता. त्यातील सुटे नाणे कितीही देखणे असले तरी कामाचे नव्हते. धातुशोधकधारी घाईत नेमके हेच मोडतो. तो वस्तू वाचवतो आणि तिचा शेजार नष्ट करतो.

मग यंत्रावर सरसकट बंदी घालावी काय? तसे करणारे देश आहेत, आणि संरक्षित स्थळी व त्यांच्या आसपास यंत्र चालविणे हाच स्वतंत्र गुन्हा करावा, याबद्दल दुमत नसावे. १९५८ च्या स्मारक कायद्याचा भर खोदण्यावर आहे. यंत्र घेऊन फिरणारा पकडला गेला तरी तो अद्याप खोदत नव्हता, ही पळवाट त्याला राहते. परंतु आपल्याकडे बहुतेक निधी यंत्राने नव्हे, नांगराने, विहिरीच्या खोदकामाने, घराच्या पायाने आणि आता रस्त्याच्या यंत्रांनी वर येतात. त्या शेतकऱ्यावर आणि मजुरावर यंत्रबंदीचा काही परिणाम नाही. त्याच्यासाठी बाजारभावाची हमी हवी, ठराविक मुदतीत पैसे हवेत, आणि ज्याच्याकडे जाऊन वस्तू दाखविता येईल असा जिल्ह्यात एक माणूस हवा, जो पोलीस नाही आणि महसूल खात्याचाही नाही. असा माणूस एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागातही बसू शकेल. त्याला लागेल तो खर्च, एखाद्या निधीची मूस होऊन जे जाते त्याच्या तुलनेत नगण्य आहे.

नव्या यंत्राचा एक गुण येथे उपयोगी पडू शकतो. जुन्या यंत्राला स्मरण नव्हते. नव्यांपैकी काहींत उपग्रहाच्या साह्याने प्रत्येक संकेताची जागा नोंदविण्याची सोय आहे. पुरातत्त्व खात्याने किंवा विद्यापीठाने परवानगी दिलेल्या सर्वेक्षणात, जमीनमालकाच्या संमतीने आणि फक्त नांगरलेल्या थरापुरता त्यांचा वापर झाला, तर रस्ता किंवा धरण होण्यापूर्वी कोठे हात जपून घालायचा हे कळेल. बुलडोझर फिरल्यानंतर ही माहिती कोणाच्याच कामाची नाही. अर्थात अशी नोंदवही चोराच्या हाती पडली तर तिच्यासारखा वाटाड्या दुसरा नाही, म्हणून ती प्रसिद्ध न करता राखावी लागेल. ब्रिटिश नोंदवहीतही जागेचा नेमका तपशील सर्वांना दाखविला जात नाही.

हे सारे दिल्लीने करावे म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा केंद्राचा आहे आणि शंभर वर्षांवरील वस्तूंच्या व्यापाराला व निर्यातीला तो लागू राहीलच. परंतु निखात निधी हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या चव्वेचाळिसाव्या नोंदीत आहे. कर्नाटकाने १९६२ मध्येच या विषयावर आपला स्वतंत्र कायदा केला. 'द्रव्याची किंमत अधिक एकपंचमांश' या शब्दांच्या जागी 'स्वतंत्र समितीने ठरविलेली बाजारातील किंमत' हे शब्द घालायला महाराष्ट्राच्या विधिमंडळाला एका अधिवेशनाहून अधिक वेळ लागू नये. खर्चाची तरतूद आणि जिल्हावार नेमणुका यांना त्यानंतर वर्ष-दोन वर्षे लागतील. तेवढ्या काळात धातुशोधकांची आणखी एक नवी पिढी बाजारात आलेली असेल.